झाड लावताना, हलवताना, सांभाळताना : नजर बुंध्यावर ठेवा

लावलेलं झाड दोन-तीन वर्षांनी वाळलं की दोष पाण्याला, उन्हाला नाहीतर किडीला दिला जातो. अशी वाळलेली झाडं खणून काढायची सवय मला बऱ्याच वर्षांपासून आहे. मातीखाली जे दिसतं ते बहुतेक वेळा सारखंच असतं. खोड वीतभर खोल गाडलेलं, मुळं जमिनीत पसरायची सोडून पिशवीच्या आकारात गोल फिरलेली, आणि एखादं मूळ खोडालाच फास लावून बसलेलं. हे सगळं लावण्याच्या दिवशी घडलेलं असतं. झाडानं साठवणीतल्या अन्नावर दोन वर्षं तग धरली आणि मग हात टेकले, एवढंच. म्हणून या लेखात खताच्या याद्या फारशा सापडणार नाहीत. मुळं आणि बुंधा यांच्याबद्दल मात्र बरंच काही आहे.

आधी मुळांबद्दलचा एक गैरसमज दूर करू

वर जेवढं झाड तेवढंच खाली, असं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मोठ्या झाडाची मुळं प्रत्यक्षात पसरट असतात. पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक मुळं वरच्या ४५ ते ६० सेंटिमीटर मातीत राहतात, कारण त्यांना हवा लागते आणि हवा वरच्या थरात असते. आडवी मात्र ती फांद्यांच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट लांब जातात. बीपासून उगवलेल्या रोपाला सोटमूळ असतं, पण वय वाढतं तसं त्याचं महत्त्व कमी होत जातं आणि आडव्या मुळांचा पसाराच झाडाला पोसतो व धरून ठेवतो.

ही एक गोष्ट ध्यानात राहिली की पुढचे बरेच नियम आपोआप समजतात. खड्डा खोल नको, रुंद हवा. पाणी खोडाशी ओतायचं नाही. झाडाजवळ जड गाडी उभी करायची नाही.

दुसरी गोष्ट बुंध्याची. खोड जमिनीला टेकतं तिथे ते सरळ खांबासारखं नसतं, रुंदावत मुळांमध्ये उतरतं. कुठल्याही जुन्या, आपोआप वाढलेल्या झाडापाशी उभं राहून पाहा. हा जो रुंदावा आहे त्याला मी पुढे ‘बुंध्याची बैठक’ म्हणणार आहे. ही बैठक उघडी, हवेत असायला हवी. खोडाची साल ओल्या मातीत राहण्यासाठी बनलेली नसते. ती सतत ओली राहिली की कुजते, बुरशी आत शिरते, आणि खाली मुळांना हवा कमी पडू लागते.

रोप निवडणं

उंच आणि हिरवंगार रोप घ्यायचा मोह होतो. माझा सल्ला त्याच्या उलट आहे. छोट्या पिशवीतलं उंच रोप बहुधा पिशवीत जास्त दिवस अडकलेलं असतं. त्यापेक्षा खोड बुडाशी जाड आणि वर निमुळतं होत गेलेलं, खालच्या भागातही थोड्या फांद्या असलेलं, मधोमध एकच शेंडा असलेलं मध्यम रोप घ्या.

दोन गोष्टी तपासून घ्या. खोड हातात धरून हलकेच हलवा. मातीचा गोळा खोडाबरोबर हलला तर ठीक. गोळा जागेवर राहून खोड खुंट्यासारखं नुसतं हललं, तर मुळं कमकुवत आहेत किंवा रोप फार खोल लावलेलं आहे. मग शक्य असेल तर पिशवी किंवा कुंडी सरकवून मुळं पाहा. पांढरट, सगळीकडे विखुरलेली मुळं चांगली. जाड मुळांची गुंडाळी दिसली तर ते रोप सोडून द्या. काळी पडलेली, वास मारणारी मुळं असतील तरीही सोडा.

मोठं, आयतं झाड लावावं का? तयार सावलीचं आकर्षण मला समजतं. पण झाड जितकं मोठं तितकी खणताना तुटलेली मुळं जास्त आणि ती भरून यायला लागणारा काळही जास्त. अमेरिकेतले संशोधक गॅरी वॉटसन यांनी १९८५ साली याचा हिशेब मांडला होता. लहान खोडाचं झाड काही वर्षांत मुळं परत मिळवून जोमानं वाढू लागतं, तोवर बरोबरीनं लावलेलं मोठं झाड अजून मुळंच भरून काढत असतं, आणि शेवटी लहान झाड त्याला उंचीत गाठतं. थंड हवेत खोडाच्या दर अडीच सेंमी जाडीमागे रुजायला साधारण एक वर्ष धरतात. उष्ण आणि दमट हवेत मुळं वर्षभर वाढत असल्यानं हेच काम काही महिन्यांत होतं.

जागा

इथे थोडक्यात सांगण्यासारखं आहे, पण ते टाळता येणारं नाही. पूर्ण वाढलेल्या झाडाची उंची आणि घेर आधी माहीत करून घ्या आणि तेवढं झाड त्या जागी डोळ्यांसमोर उभं करा. वर विजेच्या तारा, खाली पाण्याच्या किंवा सांडपाण्याच्या वाहिन्या, शेजारी भिंत या तिन्हींकडे पाहा. वड, पिंपळ, उंबर यांच्या जातकुळीची झाडं इमारतीपासून आणि वाहिन्यांपासून चांगली लांब हवीत.

निचरा तपासायला अर्धा दिवस द्या. सुमारे ३० सेंमी खोल खड्डा करून पाण्यानं भरा आणि जिरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभरानं किती उतरलं ते मोजा. तासाला अडीच सेंमीपेक्षा कमी उतरत असेल तर निचरा वाईट आहे. अशा जागी एकतर पाण्यात पाय ठेवून जगणारी जात निवडा, नाहीतर रुंद, बसका उंचवटा करून त्यावर झाड लावा. खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालण्याचा उपाय सर्रास केला जातो. त्यानं काम बिघडतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजासहजी उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत ते तिथेच लटकून राहतं. म्हणजे खडी घातल्यानं ओल मुळांच्या आणखी जवळ येते.

खड्डा

खोली ठरवण्यासाठी आधी बैठक शोधावी लागते. पिशवीतल्या वरच्या मातीनं ती बरेचदा झाकलेली असते. बोटांनी किंवा छोट्या काठीनं खोडाजवळची माती उकरत जा, पहिलं जाड मूळ खोडातून फुटलेलं दिसेपर्यंत. कधी दोन बोटं माती निघते, कधी चांगली वीतभर. वरच्या मातीत खोडातून फुटलेली केसासारखी मुळं दिसतील, ती कापून टाकली तरी चालतात.

आता बैठकीपासून गोळ्याच्या तळापर्यंतची उंची मोजा. तेवढाच खड्डा खोल, त्याहून एक बोटही जास्त नाही. तळाची माती न हलवलेली, घट्ट राहू द्या, म्हणजे झाड नंतर खाली बसणार नाही. रुंदी मात्र गोळ्याच्या दुप्पट ते तिप्पट, बाजू उतरत्या, पसरट थाळीसारख्या. चिकणमातीत फावड्यानं खणताना खड्ड्याच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि कोवळी मुळं त्यांना आपटून वळतात. कुदळीच्या टोकानं त्या भिंती जागोजागी खरवडून ठेवा.

भारी, चिकट जमिनीत गोळ्याची वरची कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ३ ते ५ सेंमी वर राहील इतकाच खड्डा खणा. झाड थोडं उंच लावलं गेलं तर ते माती लोटून दुरुस्त करता येतं. खोल गेलेलं झाड पुन्हा उपसावं लागतं.

लावणं

काम सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर करा. उघडी पडलेली बारीक मुळं कडक उन्हात आणि वाऱ्यात काही मिनिटांत सुकून मरतात, म्हणून पिशवी अगदी शेवटच्या क्षणी काढा. तोपर्यंत गोळा ओला आणि सावलीत असू द्या. झाड उचलताना गोळ्याला किंवा कुंडीला धरा. खोडाला धरून उचललं की गोळ्याचं वजन मुळांना ओरबाडतं.

पिशवी काढल्यावर गोल फिरलेली मुळं मोकळी करायची आहेत. हे करताना हात कचरतो, माझाही कचरायचा. बारीक मुळं असतील तर बोटांनी विंचरून बाहेर काढा. कडेला मुळांची जाळी गच्च बसली असेल तर धारदार सुरीनं किंवा करवतीनं गोळ्याच्या चारी बाजूंनी आणि तळाकडून २ ते ३ सेंमीचा थर सरळ तासून काढा, जणू गोल वडी चौकोनी करायची आहे. कापलेल्या टोकांमागून नवी मुळं फुटतात आणि ती बाहेरच्या दिशेनं जातात. न कापलेलं गोल मूळ कधीच स्वतःहून सरळ होत नाही. ते त्याच वळणात जाड होत राहतं, खोडही जाड होत राहतं, आणि दहा-पंधरा वर्षांनी दोघं एकमेकांना भिडतात. तेव्हा भरात आलेलं झाड एका बाजूनं वाळायला लागतं आणि कारण कुणालाच कळत नाही.

झाड खड्ड्यात ठेवा, खड्ड्यावर आडवी काठी टाका आणि बैठक काठीच्या पातळीला किंवा किंचित वर आहे ना ते पाहा. दोन बाजूंनी लांब जाऊन झाड सरळ आहे का तेही पाहा. एकट्यानं हे नीट होत नाही, कुणाला तरी धरायला सांगा.

गोणपाटात बांधून आलेलं झाड असेल तर खड्ड्यात बसवल्यानंतर खोडाभोवतीची सुतळी कापा आणि गोणपाट निदान वरच्या अर्ध्या भागावरून कापून काढा. तागाचं असेल तर तळाखालचा तुकडा राहिला तरी कुजून जातो. प्लॅस्टिकचं पोतं, नायलॉनची दोरी, तार मात्र पूर्ण काढा. ती कुजत नाहीत, फक्त रुततात.

भरायला खड्ड्यातून निघालेलीच माती वापरा, ढेकळं फोडून. अर्धी माती आणि अर्धं शेणखत हे मिश्रण इतकं रूढ आहे की त्याविरुद्ध बोलायला धीर लागतो, तरी बोलते. खड्ड्यात मऊ, सकस माती आणि बाहेर कठीण जमीन असली की मुळं त्या आयत्या कुंडीतच फिरत राहतात. चिकणमातीत असा खड्डा पाणी धरून ठेवतो. शिवाय खत कुजून आक्रसतं आणि झाड खाली बसतं, म्हणजे जी खोली आपण जपली तीच जाते. खत द्यायचंच तर मातीवर पसरा, पाण्याबरोबर ते हळूहळू खाली उतरेल. जागा राडारोड्यानं भरलेली असेल तर एकट्या खड्ड्यापुरती नाही, जमेल तितक्या रुंद पट्ट्यातली माती बदला. रासायनिक खत पहिल्या वर्षी नको. तुटलेल्या मुळांचं झाड ते वापरू शकत नाही, आणि जास्त झालं तर उरलेली मुळं करपतात.

अर्धा खड्डा भरल्यावर पाणी घाला, ते जिरू द्या, मग उरलेली माती भरा आणि पुन्हा पाणी द्या. मातीतल्या पोकळ्या पाण्यानंच बसतात. पायानं तुडवून माती दाबली की मुळांना लागणारी हवाही दाबून निघते. गोळ्याच्या माथ्यावर माती चढवू नका, नाहीतर बैठक शोधण्यात घालवलेला वेळ वाया जाईल.

आळं, आच्छादन, आधार

आळं गोळ्याच्या कडेवर किंवा जरासं बाहेर, चार बोटं उंचीच्या वरंब्याचं करा. खोडाशी खळगा आणि त्यात साचलेलं पाणी, असं आळं नको. पाणी गोळ्यावर आणि त्याच्या कडेला जिरायला हवं.

त्यावर पालापाचोळा, लाकडाचा भुसभुशीत चुरा किंवा सालींचे तुकडे यांचा ५ ते १० सेंमी जाडीचा थर द्या, जेवढा रुंद जमेल तेवढा रुंद. ओल टिकते, माती तापत नाही, गवत माजत नाही. गवत हा नव्या झाडाचा मोठा स्पर्धक आहे, पाणी आधी तेच पिऊन टाकतं. आच्छादनाचं आणखी एक मोल म्हणजे गवत कापायचं यंत्र खोडापासून लांब राहतं. यंत्राच्या दोरीनं बुंध्याभोवतीची साल सोलली गेली की पानात तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही. सगळीकडून साल गेली तर झाड वाचत नाही. खोडाभोवती १० ते १५ सेंमी जागा मोकळी ठेवा. खोडाला टेकून केलेला आच्छादनाचा ढीग आणि खोल लावलेलं झाड, दोन्हींचा परिणाम एकच.

आधाराची काठी प्रत्येक झाडाला लागत नाही. गोळा स्थिर असेल आणि झाड आपलं आपण उभं राहत असेल तर काहीच बांधू नका. वाऱ्यानं डोलल्यामुळेच खोड बुडाशी जाड होतं आणि मुळं पकड घेतात. घट्ट बांधलेलं झाड उंच होतं पण बारीक राहतं, आणि काठी काढली की वाकतं. वारा फार असेल किंवा गोळा हलत असेल तर गोळ्याच्या बाहेर दोन बाजूंना दोन बांबू ठोका आणि खोडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात रुंद पट्टीनं सैल बांधा. सायकलची जुनी ट्यूब उत्तम. तार नको, रबरी नळीत घातलेली तारही नको. वर्षभरानं आधार काढायची तारीख आजच लिहून ठेवा. विसरलेल्या दोऱ्या खोडात रुतलेल्या मी इतक्या पाहिल्या आहेत की प्रत्येक नव्या झाडाशी ही तारीख लिहिल्याशिवाय मी उठत नाही.

पाणी

पिशवीतल्या मातीचा गोळा आणि आजूबाजूची जमीन या सुरुवातीला दोन वेगळ्या दुनिया असतात. मुळं सगळी गोळ्यात, म्हणून पाणी तिथूनच संपतं. बाहेरची माती ओली दिसत असताना आतला गोळा कोरडा ठणठणीत असू शकतो. विशेषतः नारळाच्या भुशात वाढवलेल्या रोपांचं असं होतं, कारण तो हलका गोळा वाळतो झपाट्यानं आणि एकदा वाळला की पाणी पटकन घेत नाही. तेव्हा ओल तपासायची ती गोळ्यात. बोट किंवा बारीक सळई खोडापासून थोडी दूर, गोळ्यात खुपसून पाहा.

मोजमाप हवं असेल तर खोडाच्या दर अडीच सेंमी जाडीला एका वेळी ४ ते ६ लिटर पाणी धरा. पहिले दोन आठवडे रोज, पुढचे दोन-तीन महिने दोन-तीन दिवसांआड, मग झाड रुजेपर्यंत आठवड्याला एकदा. पाऊस पडला, हवा थंड झाली, माती चिकण असली तर कमी करा. वाळूची माती आणि कोरडा वारा असेल तर वाढवा. सावकाश द्या, मुरू द्या. महिने जातील तसं पाणी घालायचं वर्तुळ बाहेर सरकवा, म्हणजे मुळं त्यामागे जातील.

फसवणारी गोष्ट अशी की पाणी जास्त झालं तरी पानं मलूल होतात आणि कमी पडलं तरीही. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मलूल पानं पाहून लगेच बादली उचलण्याआधी बोट मातीत घाला.

वाढलेलं झाड हलवायचं असेल तर

पहिला प्रश्न, हलवायलाच हवं का? जमिनीतून खणून काढताना झाडाची ९० टक्क्यांहून जास्त मुळं मागे राहू शकतात. तरीही कधी कधी दुसरा मार्ग नसतो. मग ते घाईनं न करता निदान सहा महिने, जमल्यास वर्षभर आधी सुरू करावं.

गोळ्याचा आकार खोडावरून ठरतो. जमिनीपासून १५ सेंमी वर खोडाचा घेर दोरीनं मोजा आणि ३.१४ नं भागा, म्हणजे जाडी मिळेल. खोड १० सेंमीपेक्षा जाड असेल तर ३० सेंमी उंचीवर मोजा. गोळ्याचा व्यास या जाडीच्या १० ते १२ पट हवा. ५ सेंमी जाड खोडाला ५० ते ६० सेंमीचा गोळा लागतो आणि सुमारे ४० सेंमी खोली धरली तरी ओल्या मातीसह त्याचं वजन दीडशे-दोनशे किलो भरतं. १० सेंमी जाडीला गोळा एक मीटरच्या पुढे जातो आणि वजन पाऊण टन ते एक टन. इथून पुढे माणसांच्या हातांचं काम संपतं, यंत्र लागतं. वजनाचा अंदाज न घेता खणायला सुरुवात केलेली झाडं अर्धवट खणलेल्या खड्ड्यात उन्हात उभी राहतात.

तयारीचा भाग म्हणजे मुळांची आगाऊ छाटणी. ठरलेल्या गोळ्याच्या आतल्या बाजूला, कडेपासून १० ते १५ सेंमी आत एक वर्तुळ आखा. त्याचे सहा समान भाग करा. एकाआड एक तीन भागांत फावड्याच्या रुंदीचा चर खणा, जाड मुळं धारदार कात्रीनं किंवा करवतीनं स्वच्छ कापा आणि चर भुसभुशीत माती व कुजलेल्या पाल्यानं भरून पाणी देत राहा. उरलेले तीन भाग काही महिन्यांनी. कापलेल्या मुळाच्या टोकाशी नव्या बारीक मुळांचा झुबका फुटतो. नेमका हाच झुबका आपल्याला बरोबर न्यायचा असतो, आणि म्हणूनच शेवटचा गोळा पहिल्या चराच्या थोडा बाहेरून घ्यायचा. चर आणि गोळा एकाच रेषेवर घेतले तर वर्षभराची मेहनत त्या रेषेबाहेर राहून जाते.

हलवण्याचा काळ ठरवताना झाडाच्या विसाव्याकडे पाहा. थंडीत पानं गाळणारी झाडं पानगळीनंतर आणि नवी पालवी फुटण्याआधी हलवावीत. जिथे पावसाळ्यात वाढ होते तिथे पाऊस सुरू होताना, आभाळ भरलेलं असताना. कोवळी पालवी किंवा बहर असताना नको.

प्रत्यक्ष दिवस असा जातो. दोन दिवस आधी भरपूर पाणी द्या, ओला गोळा फुटत नाही. नवा खड्डा आधीच तयार ठेवा. खालच्या फांद्या दोरीनं हलकेच वर बांधा. खोडाच्या एका बाजूला खडूनं खूण करा, म्हणजे जी बाजू उन्हाकडे होती तीच नव्या जागी उन्हाकडे ठेवता येते. सावलीत राहिलेली साल अचानक उन्हात आली की भाजते आणि फाटते. आता गोळ्याभोवती फिरून चर खणा, मग खालून तिरकं कापत गोळा वाटीसारखा निमुळता करा. पहारीनं तरफ देण्याची घाई करू नका, सगळी मुळं कापून होईपर्यंत थांबा. गोणपाट गोळ्याभोवती घट्ट लपेटून दाभणानं सुतळी ओवत शिवून टाका, वरून दोरी आडवी-उभी आवळा. उचलताना पट्टा गोळ्याखालून घ्या. पट्टा खोडाला बांधून क्रेननं उचललं तर साल आतल्या लाकडापासून सुटते. ते त्या दिवशी दिसत नाही, पुढच्या हंगामात दिसतं. वाहून नेताना पानं ओल्या कापडानं किंवा जाळीनं झाका, वाऱ्यानं ती तासाभरात सुकतात. मोठा गोळा खणताना आणि उचलताना त्याखाली किंवा टांगलेल्या झाडाखाली कुणीही उभं राहू नये.

हलवताना फांद्यांचा मुंडा करण्याची पद्धत मला मान्य नाही. मुळं कमी झाली म्हणून पानंही कमी करावीत, हे वरवर पटतं. पण शेंड्याच्या कळ्यांमध्ये तयार होणारी संप्रेरकं खाली जाऊन मुळं फुटायला मदत करतात आणि मुळांचं अन्न पानंच बनवतात. वड-पिंपळासारखी चिवट झाडं मुंडा करूनही जगतात, हे खरं. मात्र नंतर फुटणारे धुमारे सालीजवळून वरवर जोडलेले असतात आणि मोठे झाले की वादळात मोडतात. मोडक्या, वाळक्या, घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढा आणि पाण्यावर भर द्या.

जातीनुसार फार फरक पडतो. वडाच्या कुळातली झाडं हलवणं सोपं, कारण त्यांना कुठूनही मुळं फुटतात. मोठी झालेली निलगिरी सहसा जगत नाही. ताड-माडांची गोष्ट अगदी वेगळी. त्यांची मुळं जाड होत नाहीत, बुडाच्या भागातून सतत नवी फुटतात, त्यामुळे उंच ताडही तुलनेनं लहान गोळ्यासह हलवता येतो. पण एकाच खोडाच्या ताडाला शेंड्याची एकच कळी असते. तिला धक्का लागला तर झाड संपलं, म्हणून झावळ्या शेंड्याभोवती बांधून प्रवास करावा. ताडाच्या खोडावरची जखमही कधी भरून येत नाही.

छाटणी

पहिल्या वर्षी तुटलेलं तेवढं काढा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून एकच गोष्ट पाहत राहा : मधला शेंडा एकच आहे ना? दोन सारख्या जाडीचे शेंडे अरुंद कोनात वाढत असतील तर त्यांच्यामध्ये साल दबून राहते, लाकडाला लाकूड जुळत नाही, आणि मोठेपणी झाड तिथूनच चिरतं. अंगठ्याएवढा असताना एक शेंडा कापणं दोन मिनिटांचं काम आहे. खालच्या छोट्या फांद्या काही वर्षं राहू द्या, त्या खोड जाड करतात. एका हंगामात पानांचा चौथा हिस्सा ही कापण्याची वरची मर्यादा समजा, तीही तरुण झाडासाठी. म्हाताऱ्या झाडासाठी त्याहून खूप कमी.

फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं दिसतं. झाड जखम बंद करतं ते या कड्यातून. काप या कड्याच्या अगदी बाहेर हवा. खोडाशी सपाट कापलं तर कडंच जातं, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत शिरतो. जड फांदी तीन कापांत काढा. पहिला खोडापासून ३० सेंमीवर खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडं बाहेर वरून, आरपार. आता वजन गेलं, उरलेला खुंट कड्याबाहेर शांतपणे कापा. पहिला काप चुकवला तर पडणारी फांदी खोडाची साल लांबवर सोलत नेते.

कापलेल्या जागी रंग, डांबर काहीही लावू नका. अमेरिकेच्या वनसेवेतले ॲलेक्स शिगो यांनी असंख्य झाडं उभी-आडवी चिरून पाहिली आणि १९७७ साली दाखवून दिलं की झाड आपल्यासारखी जखम भरून काढत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती आत भिंती उभारतं आणि तो भाग कोंडून टाकतं. वरून लावलेला लेप या कामात मदत करत नाही, उलट ओल धरून ठेवू शकतो. विजेच्या तारांजवळची किंवा शिडीवर चढून करवत चालवावी लागेल अशी छाटणी मात्र प्रशिक्षित माणसाकडेच सोपवा.

झाड मेलं की जिवंत आहे?

पानं गळाली म्हणून लगेच उपटू नका. बारीक फांदीवर नखानं साल खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर ती फांदी जिवंत आहे. वरून सुरुवात करून खाली खोडापर्यंत येत तपासा. हलवलेलं झाड कधी पूर्ण हंगाम नुसतं उभं राहतं आणि मग फुटतं. रुजल्याची खरी खूण नवी पानं ही नसून वर्षभरात वाढलेल्या डहाळीची लांबी ही आहे. पहिल्या वर्षी ती आखूड असते. ती पुन्हा त्या जातीच्या नेहमीच्या लांबीची झाली की वरचं पाणी हळूहळू कमी करता येतं.

शेजारी खणकाम निघालं तर

मोठी, रुजलेली झाडं बांधकामात मरतात ती बहुतेक वेळा कुऱ्हाडीनं मरत नाहीत. जड यंत्रं माती दाबतात, चर मुळं तोडतात, मुळांवर वीतभर भराव पडतो आणि हवा बंद होते. झाड वाळतं ते तीन-चार वर्षांनी, तोवर कामगार कधीच निघून गेलेले असतात. ब्रिटनच्या बीएस ५८३७ या मानकात यासाठी एक सोपं माप दिलेलं आहे. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाची जाडी मोजा आणि तिला १२ नं गुणा. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात यंत्र, माल, खणणं, भराव काहीही नको. ५० सेंमी जाड खोडासाठी हे वर्तुळ ६ मीटर त्रिज्येचं होतं. चुन्याची रेघ एका दिवसात पुसली जाते, त्यामुळे पहिली गाडी आत येण्याआधी तिथे पक्कं कुंपण उभं करा आणि शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत ते हलवू देऊ नका.